रिकम्बंट सायकलच्या चेनरिंगसाठी गार्ड: शोधण्यापासून बसवण्यापर्यंत

रिकम्बंट चालवायला लागून आठवडा झाला आणि माझ्या उजव्या पोटरीवर काळ्या ठिपक्यांची एक कमान उमटली. ती साबणाने निघाली. तिसऱ्या आठवड्यात मात्र थांबताना पाय घाईने खाली टाकला आणि चेनरिंगच्या, म्हणजे पेडलजवळ चेन ओढणाऱ्या दातेरी चकतीच्या, दात्यांनी कातडी चांगलीच सोलली. त्या दिवसापासून मी गार्ड शोधायला लागले. हाती लागलेला पहिला गार्ड बसलाच नाही, दुसरा दोन महिन्यांत तडकला आणि तिसरा आजही सायकलवर आहे. मधल्या काळात जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला पहिल्या दोन पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत.

नव्यानेच रिकम्बंटकडे वळलेल्यांसाठी थोडं आधीचं. या सायकलीत आपण पाठ टेकून बसतो आणि पाय समोर पसरून पेडल मारतो. पेडल, क्रँक (पेडल धरणारा दांड्याचा भाग) आणि चेनरिंग हे सगळं पुढे निघालेल्या नळीच्या, म्हणजे बूमच्या टोकाला असतं. साध्या सायकलीत चेनरिंग पायाखाली असते आणि तिच्यावर पत्र्याचं चेनकव्हर टाकता येतं. इथे ती गुडघ्यापुढे उघडी फिरते, आपली पोटरी सतत तिच्या मागच्या कडेजवळून जाते आणि सायकल उचलताना तेच दाते गाडीच्या सीटला, भिंतीला नाहीतर शेजारी उभ्या मुलाच्या हाताला लागतात.

बाजारात तयार गार्ड आहेत, पण ते बहुतेक डोंगरी सायकली आणि शहरी सायकलींच्या मापाचे. रिकम्बंटचं जग लहान राहिलं याला जुना इतिहास आहे. १९३३ साली फ्रान्सिस फोरने शार्ल मोशेच्या आडव्या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर कापून विक्रम केला आणि १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकली अधिकृत शर्यतींतून बाहेर काढल्या. शर्यत गेली तशी मोठ्या कारखान्यांची नजरही गेली. म्हणूनच आपल्याला दुसऱ्या सायकलींसाठी केलेल्या वस्तूंमधून आपलं माप शोधावं लागतं, आणि त्यासाठी मोजमाप नीट हवं.

हाताशी काय हवं

व्हर्नियर कॅलिपर, साधा प्लास्टिकचा चालेल. ५ मिलिमीटरची ॲलन की. काही चेनरिंग बोल्टना ६ मिलिमीटरची लागते. बोल्टमागची खाचेची नटं धरायला चेनरिंग नट रेंच. पेडल काढायला १५ मिलिमीटरचा पाना किंवा ॲलन की. क्रँक चौकोनी एक्सलवर असेल तर क्रँक ओढून काढायचा पुलर. जाड पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी, मार्कर, जुनं पांढरं कापड. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना, मिळाला तर फार उत्तम. स्वतः गार्ड घडवणार असाल तर हॅकसॉ, कानस आणि पॉलिश पेपर.

कागदपत्र म्हणाल तर एकच: सायकलीसोबत आलेली सुट्या भागांची यादी. क्रँकचं नाव आणि नंबर तिच्यात सापडला तर निम्मं काम तिथेच होतं. यादी नसेल तर क्रँकच्या आतल्या, चेनकडच्या बाजूला कोरलेला नंबर बघा. त्यावर काळं साचलेलं असतं, कापडाने पुसलं की दिसतो.

१. डाग कुठून येतो ते आधी शोधा

हे मी केलं नव्हतं आणि त्याची किंमत मोजली. पोटरीला काळं लागलं म्हणजे दोष चेनरिंगचाच, असं आपण धरून चालतो. पण पोटरीजवळ दोन गोष्टी असतात: चेनरिंगचे दाते आणि चेनरिंगवरून मागे सीटकडे जाणारी चेन. चकतीसारखा गार्ड पहिल्यापासून वाचवतो. दुसऱ्यावर त्याचा काहीही उपयोग नाही.

उजव्या पोटरीला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरं कापड गुंडाळा आणि नेहमीच्या बुटांत अर्धा तास सायकल चालवा. चार-पाच वेळा मुद्दाम थांबा, पाय खाली टाका, पुन्हा निघा. मग कापड सोडून बघा.

ठिपक्यांची कमान दिसली तर ते दाते आहेत. सरळ किंवा किंचित तिरका पट्टा दिसला तर ती मागे धावणारी चेन आहे, आणि तिला चेनट्यूब, म्हणजे चेनवर चढवायची प्लास्टिकची नळी, हवी; त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. दोन्ही दिसलं, जे माझ्या कापडावर दिसलं, तर दोन्ही उपाय लागतील. डाग फक्त थांबताना पडतो की चालवतानाही, हेही बघा. चालवतानाच पोटरी घासत असेल तर बूमची लांबी चुकलेली असू शकते. बूम आधी आपल्या पायाच्या मापाला लावा आणि मगच पुढची मापं घ्या, कारण बूम हलली की पाय आणि चेनरिंग यांचं नातंच बदलतं.

२. क्रँकची मापं घ्या

गार्ड क्रँकला ज्या बोल्टांनी धरला जातो तेच चेनरिंगचे बोल्ट असतात. हे बोल्ट ज्या वर्तुळावर बसलेले असतात त्याचा व्यास म्हणजे बोल्ट-वर्तुळ. विक्रेते याला बीसीडी म्हणतात. गार्ड बसेल की नाही हे सर्वांत आधी या आकड्यावर ठरतं.

माझी पहिली चूक इथेच झाली. क्रँकला पाच बोल्ट होते, जाहिरातीतल्या गार्डलाही पाच भोकं होती, मी मागवून टाकला. माझं वर्तुळ १३० मिलिमीटरचं, त्याचं ११०. एकही भोक जुळलं नाही.

चार बोल्ट असतील तर समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर म्हणजेच बोल्ट-वर्तुळ. डोंगरी सायकलींच्या क्रँकवर ते बहुधा १०४ भरतं. पाच बोल्ट असतील तर कुठलाही बोल्ट दुसऱ्याच्या बरोबर समोर येत नाही, म्हणून शेजारशेजारच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजायचं:

४३.५ मिलिमीटर भरलं तर वर्तुळ ७४
५५.३ भरलं तर ९४
६४.७ भरलं तर ११०
७६.४ भरलं तर १३०
७९.४ भरलं तर १३५
८४.६ भरलं तर १४४

मध्यबिंदू नजरेने धरू नका. एका बोल्टच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या बोल्टच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, अंतर तेच येतं आणि अचूक येतं. १३० आणि १३५ यांत फक्त तीन मिलिमीटरचा फरक आहे, टेपने मोजलं तर फसाल. तीन चेनरिंगच्या क्रँकवर सर्वांत आतल्या लहान रिंगचं वर्तुळ वेगळं असतं. आपल्याला बाहेरचं हवं.

दोन सूचना. अलीकडच्या चार बोल्टांच्या काही क्रँकवर बोल्ट समान अंतरावर नसतात, दोन जवळ आणि दोन लांब असतात. त्यांना ठरावीक मॉडेलचाच गार्ड बसतो. आणि क्रँकला बोल्टच नसतील, चेनरिंग थेट क्रँकच्या मुळाशी खाचांत बसत असेल, तर चकतीचा गार्ड धरायला जागाच नाही. अशा वेळी सायकलीच्या उत्पादकाकडे बूमला धरणारा स्थिर गार्ड आहे का ते आधी विचारा.

आता आणखी तीन मापं: सर्वांत मोठ्या चेनरिंगच्या दात्यांची संख्या (बहुतेक वेळा रिंगवर कोरलेली असते, नसेल तर एका दात्यावर मार्करने खूण करून मोजा), त्या रिंगची बाहेरची बाजू आणि क्रँकचा दांडा यांच्यामधली मोकळी जागा, आणि चेन किती स्पीडची, म्हणजे मागच्या किती गिअरांसाठीची, आहे ते.

३. गार्ड केवढा हवा ते काढा

गार्डवर ‘४४ दात्यांसाठी’, ‘४८ दात्यांसाठी’ असं छापलेलं असतं. हा आकडा दिशा दाखवतो, पण मी व्यास मोजल्याशिवाय घेत नाही. गार्ड दात्यांपेक्षा मोठा असून भागत नाही. तो दात्यांवर बसलेल्या चेनपेक्षा मोठा हवा. चेन दात्यांच्या बाहेर डोकावते आणि काळं तिच्यावरच असतं.

हिशेब सोपा आहे. सायकल चेनच्या दोन पिनांमधलं अंतर सगळीकडे सारखंच, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. म्हणून दात्यांच्या संख्येला ४.०४६ ने गुणलं की चेनच्या पिना ज्या वर्तुळावर फिरतात त्याचा व्यास मिळतो. त्यात चेनपट्टीची उंची, साधारण ८.५ मिलिमीटर, मिळवली की चेनसकट व्यास:

४२ दाते: १७८ मिलिमीटर
४४ दाते: १८७
४८ दाते: २०३
५० दाते: २११
५२ दाते: २१९
५६ दाते: २३५

गार्ड यापेक्षा सगळीकडून तीन ते पाच मिलिमीटर बाहेर हवा, म्हणजे व्यासात सहा ते दहा मिलिमीटर जास्त. ५२ दात्यांच्या रिंगला २२५ ते २२९ मिलिमीटरचा गार्ड लागतो. तयार मिळणारे गार्ड बहुतेक ४८ दात्यांपर्यंतच्या रिंगसाठी असतात, डोंगरी सायकलींचे तर त्याहूनही लहान. रिकम्बंटवाल्यांची खरी अडचण ही आहे. आपल्याकडे ५० च्या पुढच्या रिंगा सर्रास असतात आणि त्यांना झाकणारी चकती हुडकायला वेळ लागतो.

४. पुढचा डिरेलर असेल तर इथे थांबा

पुढे एकच चेनरिंग असेल तर हा भाग सोडून पाचव्या पायरीवर जा. तुमचं काम बरंच सोपं आहे.

दोन किंवा तीन रिंगा असतील तर चेनला एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा डिरेलरचा केज, म्हणजे पत्र्याचा तो अरुंद पिंजरा, नीट बघा. चेन मोठ्या रिंगवर असते तेव्हा त्या केजची बाहेरची पट्टी रिंगच्याही बाहेर येते. गार्ड नेमका त्याच जागेवर हक्क सांगतो. मोठ्या रिंगच्या बाहेरून तिच्याहून मोठी चकती लावली तर केज आणि चकती एकमेकांना भिडतात.

यातून वाट काढायचे दोन मार्ग मला माहीत आहेत.

पहिला मार्ग म्हणजे गार्ड इतका बाहेर धरायचा की केजची पट्टी रिंग आणि गार्ड यांच्या मधून सरकेल. लांब प्रवासाच्या काही सायकलींवरचे प्लास्टिकचे गार्ड असेच असतात. छोट्या स्क्रूंनी बाहेरच्या रिंगलाच जोडलेले आणि थोडे बाहेर उचललेले. इथे दुसऱ्या पायरीत मोजलेली क्रँकच्या दांड्यापर्यंतची जागा कामी येते. जागा कमी असेल तर हा मार्ग बंद. शिवाय गार्ड फार बाहेर गेला की त्या फटीत चेन पडू शकते, आणि चढावर पूर्ण जोर लावलेला असताना चेन तिथे अडकली तर ती सोडवताना बोटं सोलवटून निघतात.

दुसरा मार्ग मी घेतला आणि तीन रिंगांची क्रँक असलेल्या कुणालाही मी तोच आधी सुचवेन: सर्वांत मोठी रिंग काढून टाकायची आणि तिच्या जागी गार्ड बसवायचा. मधल्या रिंगच्या जागी थोडी मोठी, समजा ४४ ची, घ्यायची. डिरेलर आधीपासूनच मोठ्या रिंगच्या उंचीला लावलेला असतो, त्यामुळे गार्ड त्या जुन्या रिंगपेक्षा मोठा नसेल तर केज त्याच्यावरून आरामात जातो. फक्त डिरेलरचा बाहेरच्या मर्यादेचा स्क्रू आत घ्यायचा, म्हणजे केज मधल्या रिंगपाशी थांबेल.

यात सर्वांत वेगवान गिअर जातो. तो गेला तर चालेल का, हे मागच्या चाकावर ठरतं. मागे ११ दात्यांचा सर्वांत लहान गिअर आहे आणि पेडल मिनिटाला ९० फेऱ्यांनी फिरतात असं धरा. २६ इंची चाकावर ५२ ची रिंग ताशी ५२ किलोमीटरपर्यंत नेते, ४४ ची रिंग ४४ पर्यंत. सपाटीवर मला तेवढा वेग कधी लागत नाही, आणि उतारावर रिकम्बंट पेडल न मारताही पळते. पण मागचं चाक २० इंची असेल तर तीच ४४ ची रिंग ताशी ३३ किलोमीटरलाच संपते. २० इंची चाकवाल्यांनी मोठी रिंग ठेवावी आणि पहिला मार्ग किंवा घरचा गार्ड बघावा.

५. पुठ्ठ्याची चकती करून बघा

पैसे खर्च करण्याआधी ही एक संध्याकाळ जरूर द्या. ठरवलेल्या व्यासाची चकती जाड पुठ्ठ्यातून कापा, मध्ये क्रँकसाठी जागा करा, चकतीला एक छेद देऊन ती क्रँकवर सरकवा आणि चिकटपट्टीने रिंगला लावा. सायकल उचलून धरायला कुणाची तरी मदत घ्या आणि पेडल हाताने सावकाश फिरवा.

काय बघायचं? हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. आखूड रिकम्बंटवर पुढचं चाक चेनरिंगच्या अगदी जवळ असतं आणि मोठी चकती टायरला किंवा मडगार्डला टेकू शकते. सगळे पुढचे गिअर बदलून बघा. डिरेलरच्या खांबाला दिवा लावला असेल तर त्याचा क्लॅम्प तपासा. मग बूट घालून सीटवर बसा आणि पाय खाली टाका, वर घ्या, दहा वेळा. चकतीची कड पोटरीला कुठे टेकते ते कळेल. माझ्या पुठ्ठ्याने मला वाचवलं, कारण २२९ ची चकती हँडल डावीकडे वळवल्यावर मडगार्डला घासत होती.

६. तयार घ्यायचा की घरी घडवायचा

तयार मिळत असेल तर तयार घ्या. मागवण्याआधी विक्रेत्याला एवढं सगळं एकाच निरोपात लिहा: “क्रँक पाच बोल्टांची, बोल्ट-वर्तुळ १३० मिलिमीटर. सर्वांत मोठी रिंग ४४ दात्यांची. गार्ड बाहेरच्या रिंगच्या जागी बसवायचा आहे. गार्डचा बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगा. बोल्ट सोबत येतात का, आणि किती लांबीचे?” मी असं लिहायला लागल्यावर उत्तरंही नेमकी यायला लागली. नुसतं ‘रिकम्बंटला गार्ड आहे का’ असं विचारलं की बहुतेक जण नाही म्हणतात, कारण रिकम्बंट म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. सायकल कुठली हे त्यांना कळण्याची गरजही नाही, मापं पुरेशी आहेत.

तयार नसेल तर सर्वांत चांगला कच्चा माल बहुधा तुमच्याकडेच आहे: झिजलेली मोठी चेनरिंग. तिची भोकं आधीच योग्य जागी असतात आणि तिला ताण सहन करायची सवय असते. दाते मुळापर्यंत कापून कड गुळगुळीत केली की तयार झाला गार्ड. मापाचा नियम असा: दाते कापल्यावरही चेनच्या बाहेर राहायचं असेल तर कापायची रिंग वापरातल्या रिंगपेक्षा किमान ५ दात्यांनी मोठी हवी. ५ दाते जास्त असतील तर दोन्हीकडून दोन-दोन मिलिमीटर मिळतात, ६ असतील तर चार-चार. ४ ने मोठी घेतली तर ती चेनच्या बरोबरीला येते आणि झाकत काहीच नाही. माझी काढून टाकलेली ५२ ची रिंग ४४ च्या रिंगला त्यामुळे सहज पुरली. इतके दिवस मी जे बाहेर शोधत होते ते सायकललाच लावलेलं होतं.

दाते हॅकसॉने कापा आणि कड कानशीने घासा. ॲल्युमिनियमची रिंग साध्या ग्राइंडिंगच्या दगडावर धरू नका. मऊ धातू दगडाच्या छिद्रांत भरतो, दगड तापतो आणि फुटू शकतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. शेवटी पॉलिश पेपर फिरवा आणि कड आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर ओढून बघा. तिथे ओरखडा उठला नाही तर पोटरीवरही उठणार नाही.

प्लास्टिकच्या पत्र्यातून कापायचा असेल तर ३ ते ४ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट घ्या. ॲक्रिलिक दिसायला तसंच असतं पण ठिसूळ, भोकापासून तडकतं. पॉलिकार्बोनेट लेझरने कापायला देऊ नका, कडा करपतात. राउटर मशिनने किंवा करवतीने कापा.

आणि माझा दुसरा गार्ड का तडकला ते सांगते, कारण हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून मी आट्यांना थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव, लावला. तो द्रव पॉलिकार्बोनेटला खातो. भोकांभोवती आधी केसासारख्या रेषा आल्या, मग एका सकाळी पाचातल्या दोन भोकांपासून कडेपर्यंत तडे गेले. चेन साफ करायचे तीव्र डिग्रीझरही तेच करू शकतात. प्लास्टिकच्या गार्डला साबण-पाणी पुरे, आणि बोल्ट ढिले होतील असं वाटत असेल तर अधूनमधून आवळून बघा.

७. बसवताना

उजवं पेडल काढा. त्याचे आटे सरळ आहेत, डावीकडे फिरवलं की सुटतं. बऱ्याच क्रँकवर बाहेरची रिंग दांड्यावरून सरकवून काढता येते, क्रँक उतरवावी लागत नाही. मधली रिंग बदलायची असेल तर मात्र क्रँक काढावी लागेल. पुलर वापरत असाल तर त्याचे आटे क्रँकमध्ये पूर्ण बसलेत याची खात्री करा, अर्धवट बसवून जोर लावला तर क्रँकचे आटे निघून येतात.

रिंगच्या जागी गार्ड लावत असाल तर आधी जुनेच बोल्ट लावून बघा. जास्तीचा गार्ड घालत असाल तर जाडी वाढते आणि लांब बोल्ट लागतात. बोल्ट नटात पुरेसा उतरतो का ते बघा. दोन-तीन आट्यांवर टांगलेला बोल्ट चढावर दगा देतो. उलट बोल्ट फार लांब असेल तर तो तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि रिंग मात्र सैलच राहते. बोल्ट आवळल्यावर रिंग हाताने हलवून बघणं हाच यावरचा उपाय.

चेनरिंग आणि गार्ड यांच्यातली फट किती? चेन दात्यांच्या दोन्ही बाजूंना साधारण अडीच मिलिमीटर बाहेर येते, म्हणून फट तीनपेक्षा कमी नको, नाहीतर चेन गार्डला घासून आवाज करते. आणि ती चेनच्या रुंदीपेक्षा कमी हवी, म्हणजे चेन आत पडणार नाही. आठ स्पीडची चेन सुमारे ७ मिलिमीटर रुंद असते, दहा स्पीडची सुमारे ६. मी फट चारची ठेवली आहे. कमी पडत असेल तर बोल्टवर एक मिलिमीटरचे वॉशर घाला, पण सगळ्या बोल्टांवर सारखेच.

बोल्ट एका पाठोपाठ एक पूर्ण आवळू नका. एक सोडून एक असे फिरत फिरत, तीन फेऱ्यांत आवळा. स्टीलच्या बोल्टना साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतं. ॲल्युमिनियमचे असतील तर त्यांच्यावर दिलेला आकडाच पाळा, ते पटकन तुटतात. आट्यांना ग्रीसचं बोट लावा, गार्ड धातूचा असो की प्लास्टिकचा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळा. माझे तीन बोल्ट तेव्हा पाव फेरी फिरले होते.

डिरेलरचा बाहेरचा स्क्रू हाताने पेडल फिरवत लावा. चेन मोठ्या रिंगवर पटकन चढली पाहिजे आणि त्यापुढे केज तसूभरही सरकता कामा नये.

मोठी रिंग गेली म्हणून चेन आखूड करायची का? सर्वांत लहान पुढची रिंग आणि सर्वांत लहान मागचा गिअर यांवर चेन आधी लोंबत नव्हती तर आताही लोंबणार नाही, हात लावू नका. लोंबत असेल तर ५२ वरून ४४ वर आल्यावर चार कड्या काढता येतात. रिकम्बंटची चेन साध्या सायकलीच्या अडीच-तीन पट लांब असते, त्यात चार कड्या म्हणजे पाच सेंटिमीटर.

८. चेनट्यूब: पट्ट्यावरचा उपाय

कापडावर सरळ पट्टा उमटला होता ते इथून पुढे वाचा. सीटखालच्या आयडलरकडून, म्हणजे चेनला वाट दाखवणाऱ्या चाकाकडून, येणारी चेन बऱ्याच रिकम्बंटवर प्लास्टिकच्या नळीतून जाते, पण नळी चेनरिंगच्या बरीच मागे संपते. उरलेला उघडा तुकडा पोटरीला लागतो. वरची चेन जोर वाहते, खालची परत जाते. तुमचा पट्टा कोणत्या उंचीवर आहे त्यावरून दोन्हींपैकी कोणती लागते ते कळेल. माझ्या बाबतीत वरची होती.

नळीचा आतला व्यास १२-१३ मिलिमीटरपेक्षा कमी नको. चेनची रुंदी सात आणि उंची साडेआठ धरली तर तिरकं माप अकराच्या पुढे जातं. नळीची दोन्ही तोंडं गरम हवेने मऊ करून कर्ण्यासारखी पसरवा, नाहीतर चेनची कडी कडेला अडखळते आणि नळी कुरतडली जाते. नळी एकाच ठिकाणी, मागच्या बाजूला धरा. पुढचं टोक मोकळं ठेवा, कारण गिअर बदलताना चेन आडवी सरकते आणि नळीला तिच्यासोबत सरकता आलं पाहिजे. टोक चेनरिंगच्या किती जवळ आणायचं हे प्रयोगानेच ठरतं; मी ते केजला टेकेपर्यंत पुढे नेलं आणि मग चार बोटं मागे घेतलं. नळी लावल्यावर पांढऱ्या कापडाची चाचणी पुन्हा करा.

९. सायकल हलवताना

गार्ड एका बाजूनेच झाकतो. चेनरिंगच्या आतल्या बाजूचे दाते उघडेच राहतात आणि सायकल गाडीत आडवी ठेवताना तेच टोचतात. बागेच्या पाण्याच्या पाइपचा चेनरिंगच्या घेराएवढा तुकडा लांबीत चिरून ठेवा आणि चेनवरून, गार्डच्या कडेसकट, चढवा. पाइप अरुंद असेल तर तो गार्डवर बसत नाही, मग जुनी ट्यूब चिरून दोन वेढे द्या आणि दोरीने बांधा. निघण्याआधी ते काढायला विसरू नका. मी दोरी मुद्दाम लाल ठेवते आणि तिचं टोक ब्रेकच्या दांडीला बांधते, म्हणजे ब्रेकला हात लावताच ते आठवतं.